कॅनडा-अमेरिका लाँग हॉल ट्रक: चालवण्याचं सगळे विचारतात, थांबण्याचंही विचारा

मैलाचा_दगड

इथे परदेशातल्या नोकऱ्यांवर धागे भरपूर आहेत, आयटी आहे, नर्सिंग आहे, जहाजावरचे आहेत, ट्रकवर मात्र कोणी लिहिलेलं सापडलं नाही म्हणून हा धागा काढतोय. मी टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला राहतो आणि तिथून अमेरिकेत लाँग हॉल, म्हणजे लांब पल्ल्याचा माल, मारतो. मूळचा विट्याकडचा. आमच्या भागातली माणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात देशभर पांगली, मी स्टिअरिंग धरून इकडे आलो. हल्ली गावाकडनं पोरांचे फोन येतात, दादा ट्रकवर यायचंय, महिन्याला किती सुटतात. सगळ्यांनी यूट्यूबवर ती बेड-फ्रिजवाली केबिन बघितलेली असते. केबिन खरंच तशी असते, त्यात खोटं काही नाही. पण व्हिडिओत गाडी कायम पळत असते आणि खऱ्या आयुष्यात ती कितीतरी वेळ उभी असते, मला त्या उभ्या वेळेबद्दल बोलायचंय.

माझा नेहमीचा फेरा म्हणजे ब्रॅम्प्टन ते टेक्सासमधलं लरेडो, एका बाजूनं 1,700 मैलांच्या आसपास. 401 हायवे धरून विंडसर, अँबॅसडर ब्रिजवरून डेट्रॉईट, मग टोलेडो, सिनसिनाटी, लुईव्हिल, नॅशव्हिल, मेम्फिस, लिटल रॉक, डॅलस, सॅन अँटोनिओ आणि खाली लरेडो. तिथं वर्ल्ड ट्रेड ब्रिजवरून मेक्सिकोचा माल येतो, तो भरून परत वर. मधे कुठंतरी रिकामा आहे म्हणून अमेरिकेतला माल अमेरिकेतच टाकायचा, हे आम्हाला चालत नाही, कॅनडातनं आलेल्या ड्रायव्हरला ती बंदी आहे. म्हणजे परतीचा लोड कॅनडाचाच पाहिजे, तो नसेल तर तो मिळेपर्यंत ट्रक स्टॉपवर बसा.

आता पैसे. लाँग हॉलला बहुतेक ठिकाणी पैसे मैलावर मिळतात, तासावर नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. चाक फिरलं तर पैसे. हिशोबाला मैलाला 60 सेंट धरू. अमेरिकेत नियम असा की 10 तास विश्रांती झाली आणि कामाला लागलात की 14 तासांचं घड्याळ सुरू होतं, त्या 14 तासांच्या आत 11 तास गाडी चालवता येते. 14 संपले की चालवणं बंद, 11 मधले कितीही उरले असले तरी. हे नोंदवायला इंजिनला जोडलेलं ईएलडी असतं, अमेरिकेत डिसेंबर 2017 पासून सक्तीचं झालं, कॅनडात 1 जानेवारी 2023 पासून कडक अंमल आहे, जुन्या वहीसारखं त्यात इकडचं तिकडं करता येत नाही.

समजा सकाळी गोदामावर वेळेत पोचलो आणि डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला, 6 तास बसवलं. गाडीची तपासणी, डिझेल यात एक तास. उरले 7. म्हणजे 11 च्या जागी 7 तास चालवायला मिळाले, 4 तास बुडाले, ताशी 60 नं 240 मैल, म्हणजे 144 डॉलर त्या दिवसाचे गेले. आणि बसलेल्या वेळेचं काय? पहिले 2 तास फुकट हा इथला रिवाज, त्यापुढं डिटेन्शन, म्हणजे थांबवल्याचं भाडं, लागतं, पण ते मालवाल्यानं कंपनीला द्यायचं, कंपनीनं मला, आणि मधेच कुठंतरी ते जिरतं. अमेरिकेचा 1938 चा कामगार कायदा आहे त्यात ओव्हरटाइमच्या नियमातनं राज्याराज्यांत फिरणारे ट्रक ड्रायव्हर वगळलेत, आजही. कॅनडात निदान आठवड्याला 60 तासांच्या पुढं ओव्हरटाइम आहे, हायवे ड्रायव्हरला.

म्हणून या धंद्यात काय वाईट असं कोणी विचारलं तर मी थंडी सांगत नाही, मी हे सांगतो. शुक्रवारी डॉकवर 6 तास गेले की रविवारचं घर पण गेलं. विचारा काय विचारायचं ते, जमेल तसं उत्तर देईन, पार्किंगला असलो की बघतो.

उरण_फाटा

धागा मस्त, सविस्तर लिहा. मी न्हावा शेवाला कंटेनरच्या ट्रेलरवर होतो, आता दोन गाड्या स्वतःच्या आहेत. आपल्याकडं पण हेच, पोर्टच्या गेटला लाइन लागली की रात्र तिथंच, हॉल्टिंग पार्टीकडनं सुटेल तेव्हा सुटेल, ड्रायव्हरच्या हातात जेवणाच्या भत्त्यापुरतं. मला वाटायचं तिकडं सगळं अपॉइंटमेंटनं चालतं, म्हणजे वेळेवर होत असेल. एक विचारायचं होतं, माल उतरवायला तुम्हालाच लागतं का? आणि वजनाचं कसं, काटा कुठं करता?

मैलाचा_दगड

अपॉइंटमेंट ड्रायव्हरला पाळायची असते हो. मला अर्धा तास उशीर झाला तर दुसऱ्या दिवसावर ढकलतात, त्यांना सहा तास उशीर झाला तर कोणी विचारत नाही.

उतरवायला लंपर असतात, त्यांना पैसे द्यायचे, पावती घ्यायची, कंपनी परत देते. पावती हरवली की गेले. ड्रायव्हरनं बऱ्याच ठिकाणी डॉकला लावून चावी खिडकीवर जमा करायची आणि लाल दिव्याचा हिरवा होईपर्यंत बसायचं.

काट्याचं विचारलंत ते बरं झालं, हे शिकवताना कोणी नीट सांगत नाही. अमेरिकेत पाच ॲक्सलच्या गाडीला एकूण 80,000 पौंड. पण नुसता एकूण आकडा बसून चालत नाही, पुढच्या स्टिअरवर साधारण 12,000, ड्राइव्हवर (ट्रॅक्टर म्हणजे पुढची इंजिनाची गाडी, तिची मागची चाकं) 34,000, ट्रेलरच्या टँडमवर (ट्रेलरची मागची जोडचाकं) 34,000. माल भरून निघालो की पहिला ट्रक स्टॉप गाठून कॅट स्केलच्या वजनकाट्यावर चढायचं. समजा ड्राइव्हवर 34,900 आलं आणि ट्रेलरवर 32,400. मग खाली उतरून ट्रेलरच्या पिना ओढायच्या, ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवायचे आणि ट्रॅक्टर हळू मागं-पुढं करून टँडम सरकवायचे. एका भोकाला साधारण 250 ते 400 पौंड इकडचे तिकडं होतात, म्हणजे इथं तीन-चार भोकं पुढं. हे आपल्याकडच्या अंगणात झालं असतं तर पाच मिनिटांचं काम. जानेवारीत पिना बर्फानं धरलेल्या असतात, हातोडी मारून मारून दांडा हाताला झिणझिण्या आणतो, परत बघायला उतरायचं, पिन बसली का चारही बाजूंनी, बसली नसेल आणि तसंच निघालात तर ट्रेलर खालून टँडम निसटायची भीती. मग परत काटा. त्यात कॅलिफोर्नियाला जायचं असलं तर किंगपिनपासून (ट्रेलर ट्रॅक्टरला जोडणारी पिन) मागच्या ॲक्सलपर्यंत 40 फुटांची हद्द वेगळी. या सगळ्याचे पैसे शून्य, कारण चाक फिरलं नाही.

थंडर_बे

बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा आला. मी पण याच लाइनचा, पण मॅनिटोबा बाजू जास्त.

14 तासांच्या हिशोबात एक सुटलं. स्लीपर स्प्लिट, म्हणजे 10 तासांची विश्रांती दोन तुकड्यांत, वापरता येतो की. 2020 पासून अमेरिकेत 7 आणि 3 चा पण चालतो, डॉकवरचे 6 तास ऑफ ड्युटी टाकले आणि नंतर 7 तास स्लीपरमधे काढले तर ते 6 तास घड्याळातनं वगळले जातात. मग 240 मैल जात नाहीत.

मैलाचा_दगड

बरोबर आहे, कागदावर जात नाहीत. मी पण वापरतो. पण ते सहा तास झोप लागते का सांगा. दर थोड्या वेळानं फोन, डॉक बदला, सील दाखवा, सही करा. अंगावर फोर्कलिफ्ट ट्रेलरमधे शिरल्याचे हादरे. म्हणजे ईएलडीच्या मते विश्रांती झाली आणि मग आणखी 7 तास उसंत, की परत उरलेले तास मोकळे, रात्री 3 ला उठून चालवा. शरीराला तो हिशोब कळत नाही. नियमात बसतं म्हणून डिस्पॅचवाला आग्रह धरतो, नाही म्हणायची हिंमत नव्या पोरात नसते. माझं म्हणणं स्प्लिट वापरा, पण ज्या दिवशी डोळे ओढताहेत त्या दिवशी सरळ 10 घ्या आणि लोड उशिरा जाईल असं लेखी कळवून टाका.

थंडर_बे

हे मात्र शंभर टक्के.

नव्या पोरांवरून सांगतो. 6 एप्रिल 2018 ला सस्कॅचवानमधे हम्बोल्टच्या हॉकी टीमची बस आणि ट्रक धडकले, 16 जण गेले, बहुतेक तरणी पोरं. ट्रक ड्रायव्हर आपल्या भारतातनं आलेला, नोकरीला लागून काही आठवडेच झालेले, मागं दोन ट्रेलर, ताडपत्री फडफडत होती म्हणून आरशात बघत राहिला आणि स्टॉप साइन दिसलीच नाही. 8 वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर सस्कॅचवान, मॅनिटोबा, अल्बर्टानं 2019 ला सक्तीचं ट्रेनिंग आणलं. ऑन्टारिओत 2017 च्या जुलैपासूनच 103.5 तास होते. पण 103.5 तासांत हायवे 17 शिकवत नाहीत. सू सेंट मरी ते थंडर बे 700 किलोमीटर, बराचसा दोन पदरी, मधे दुभाजक नाही, एका बाजूला खडक, एका बाजूला लेक सुपीरियर, रात्री मूस (हरणाच्या जातीचा अवाढव्य प्राणी) रस्त्यात उभा राहतो आणि तो काळा असतो, डोळे हेडलाइटच्या वर असल्यामुळं चमकत पण नाहीत. वावाजवळ बर्फात रस्ता बंद केला की मुकाट थांबायचं. समोरून येणारा ट्रक बर्फाचा लोट उडवतो त्यात काही सेकंद काहीच दिसत नाही, तेव्हा काय करायचं हे शेजारी बसलेला जाणता माणूसच शिकवू शकतो. पहिला हिवाळा एकट्यानं काढू नका, कंपनी कितीही म्हणू दे.

बार्शीकर_24

नमस्कार दादा, मी बार्शीचा, वय 24, हेवी लायसन्स आहे, पुणे-चेन्नई मारतो सध्या. एक एजंट कॅनडाच्या एलएमआयएचे (परदेशी कामगार घ्यायला कंपनीला लागणारी सरकारी परवानगी) 15 लाख मागतोय, म्हणतो आल्या आल्या पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, होतं. वडील एक एकर विकायला तयार आहेत. इंग्रजी समजतं, बोलताना अडखळतो. काय करावं सांगा प्लीज.

मैलाचा_दगड

भावा, रान विकू नको. आधी हे वाच.

एलएमआयए विकणं कॅनडात बेकायदेशीर आहे, नोकरी लावायचे पैसे कामगाराकडनं घेता येत नाहीत. आणि एक्स्प्रेस एंट्रीत (गुणांवर पीआर द्यायची पद्धत) नोकरीच्या ऑफरला जे जादा गुण मिळायचे ते 25 मार्च 2025 पासून काढून टाकलेत, त्यामुळं आल्या आल्या पीआर ही थाप आहे. दुसरं, तू वर्क परमिटवर आलास तरी तुझा पासपोर्ट भारतीय, अमेरिकेत गाडी न्यायला अमेरिकेचा बी-1 व्हिसा वेगळा काढावा लागतो. तो नसला तर तू फक्त कॅनडात चालवणार, आणि तुला देतील तो हिवाळ्यातला हायवे 17 चाच रूट, जो वर थंडर_बे यांनी सांगितलाय.

इंग्रजीचं फार मनावर घे. 25 जून 2025 पासून अमेरिकेत रस्त्यावर तपासणी करताना अधिकारी इंग्रजीत बोलतो, पाट्या ओळखायला लावतो, जमलं नाही तर जागेवर गाडीवरनं उतरवतात. कॅनडातनं आलेल्यांनाही लागू आहे. अडखळून बोललास तरी चालतं, पण कुठून आलास, काय भरलंय, किती तास चालवलंस, पाटीवर काय लिहिलंय एवढं घडाघडा आलं पाहिजे. बार्शीत बसूनच याची तयारी होते, त्याला 15 लाख लागत नाहीत.

युरोपी_चाक

मी लिथुआनियाच्या गाडीवर आहे, जर्मनी, फ्रान्स, बेनेलक्स. इकडं भारतातले ड्रायव्हर वाढलेत म्हणून लिहितो. युरोपात रोजचे 9 तास, आठवड्यातनं दोनदा 10, साडेचार तासांनी 45 मिनिटं थांबायचंच. किलोमीटरवर असा पगार लावायला, की ज्यानं माणूस धोक्यानं पळवेल, युरोपियन नियमात मनाई आहे. म्हणून आम्हाला मूळ पगार आणि दिवसाचा भत्ता मिळतो, गाडी उभी असली तरी दिवस भरतो. या बाबतीत मैलाचा_दगड यांच्यापेक्षा बरं.

पण थांबण्याचा त्रास इकडं वेगळा. आठवड्याची 45 तासांची मोठी विश्रांती केबिनमधे घ्यायची नाही, कंपनीनं हॉटेल द्यायचं, असा कायदा आहे. रविवारी जर्मनीत रात्री 10 पर्यंत ट्रकला बंदी, तेव्हा ऑटोबानच्या कुठल्याही पार्किंगला जाऊन बघा, किती जण केबिनमधेच गॅसवर भात लावून बसलेत. आणि पैसे बुडवणारे इकडंही आहेत. 2023 ला फ्रँकफर्टच्या खाली ग्रॅफेनहाउझनच्या पार्किंगमधे जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे ड्रायव्हर थकलेल्या पगारासाठी गाड्या लावून आठवडेच्या आठवडे बसले. मालक माणसं घेऊन गाड्या सोडवायला आला तरी हलले नाहीत, पैसे हातात पडल्यावरच उठले. एकटा ड्रायव्हर फोन करत बसला असता तर काही मिळालं नसतं.

घरची_बाजू

मी ड्रायव्हर नाही, माझे मिस्टर आहेत, आम्ही पण ब्रॅम्प्टनलाच. वरचं सगळं वाचून एक सांगावंसं वाटलं. ते कधी येणार हे मला कधीच सांगता येत नाही, मुलांच्या शाळेत, डॉक्टरकडे, कोणाच्या वास्तुशांतीला, सगळीकडे मी "बघते" म्हणते. गणपतीत ते आरतीला व्हिडिओ कॉलवर टेनेसीतल्या पार्किंगमधून होते. पैशाची तक्रार नाही, पण शुगर निघाली आणि मग मी जेवणाकडे लक्ष घातलं. आता जाताना ज्वारीच्या भाकऱ्या फ्रीझरमध्ये घालून, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, मूगडाळ, तांदूळ असं देते. गाडीत इन्व्हर्टरवर लहान राइस कुकर चालतो. बॉर्डरवर ताजी फळं आणि चिकन-मटणावरून विचारतात म्हणून ते देत नाही, बाकीचं आजवर कोणी अडवलं नाही. ज्यांच्या घरचे या लाइनमध्ये आहेत त्यांनी सहा महिन्यांनी रक्त तपासून घ्या, ते स्वतःहून करत नाहीत.

मैलाचा_दगड

वहिनी, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. दिवसभर बसून आणि ट्रक स्टॉपच्या काउंटरवरचं तळलेलं खाऊन काय होणार दुसरं. आय-40 आणि आय-80 वर आता पंजाबी ढाबे झालेत, तिथं डाळ-रोटी गरम मिळते, पण ते पण तुपातलंच. मी डॉकवर बसलो की उतरून गाडीभोवती चालतो.

पार्किंगचं राहिलंच. अंधार पडायच्या आधी ट्रक स्टॉप भरतात, विशेषतः पूर्वेकडं. घड्याळ संपत आलेलं आणि जागा नाही, मग रॅम्पवर लावा नाहीतर बंद पडलेल्या दुकानामागं. जेसन रिव्हनबर्ग म्हणून ड्रायव्हर होता, मार्च 2009 मधे साउथ कॅरोलायनात माल द्यायला वेळेच्या आधी पोचला, आत घेत नव्हते, म्हणून जवळच्या ओसाड पेट्रोल पंपावर गाडी लावून झोपला. तिथं त्याला गोळी घालून मारलं, हाती लागले 7 डॉलर. बायकोला जुळी मुलं व्हायची होती. तिनं लढून 2012 ला ट्रक पार्किंगचा कायदा करून घेतला, जेसन्स लॉ म्हणतात. तरी जागा अजून पुरत नाही. मालवाल्यानं आपल्याच आवारात रात्रभर उभं राहू दिलं असतं तर तो माणूस आज असता, या विचारानं माझा अजून संताप होतो.

उरण_फाटा

वाचून सुन्न झालो. आपल्याकडं पण हायवेला डिझेल चोरतात, ड्रायव्हरला मारतात, कोणी कायदा करत नाही.

बार्शीकर_24

सगळ्यांचे आभार. एजंटला नाही सांगतोय, वडलांना पण हा धागा वाचून दाखवला. उद्या कधी सरळ मार्गानं ऑफर आली तर कंपनीला काय विचारायचं?

मैलाचा_दगड

शाब्बास. पहिला प्रश्न, पगार टी-4 वर (पगारी नोकर म्हणून) की इन्कॉर्पोरेशनवर. नव्या पोरांना इथं स्वतःची कंपनी काढायला लावतात, ड्रायव्हर इंक म्हणतात त्याला, चेक जरा मोठा दिसतो पण त्यात पेन्शन नाही, बेरोजगारी भत्ता नाही, सुट्टीचे पैसे नाहीत, आणि नंतर टॅक्सवाले दारात. गाडी त्यांची, लोड त्यांचा, वेळ त्यांची, मग तू मालक कसला. 2021 पासून कॅनडाच्या लेबर कोडमधे नोकराला असा कंत्राटदार दाखवणं थेट बेकायदेशीर आहे. वर्क परमिटवाल्यानं तर या वाटेला जाऊच नये, परमिट अडचणीत येतं.

मग विचार, मैल कुठले मोजता, नकाशातले की मीटरवरचे, फरक चांगलाच पडतो. डिटेन्शन कितव्या तासापासून आणि मालवाल्यानं दिलं नाही तरी मला देणार का. बॉर्डरवर थांबल्याचे काय. लोड नसेल आणि मी लरेडोत दोन दिवस अडकलो तर लेओव्हर, म्हणजे अडकल्याचा भत्ता, किती. पहिला हिवाळा सोबत कोण बसणार. उत्तर फोनवर गोड देतील, ईमेलवर माग. ईमेलवर द्यायला टाळाटाळ केली तर तेच उत्तर समज.

आणि कंपनी अमेरिकेत गाड्या पाठवत असेल तर तिचा डॉट नंबर (अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा) घे, एफएमसीएसए म्हणजे तिथल्या ट्रक सुरक्षा खात्याच्या सेफर साइटवर टाक. गाड्या किती, ड्रायव्हर किती, तपासणीत किती वेळा गाडी किंवा ड्रायव्हर जागेवर थांबवला, अपघात किती, सगळं दिसतं, फुकट आहे, बार्शीतनं पण बघता येतं. तिथला टक्का देशाच्या सरासरीशेजारीच छापलेला असतो. समजलं नाही तर नंबर व्यनि कर, मी आज रात्री पार्किंगला आहे, बघून सांगतो.